बाईनं एकटीनं मटण थाळी खायची तर: कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका खानावळीचा रिव्ह्यू

आधी रस्स्याचं बोलून घेते, नाहीतर म्हणाल हिला जेवणातलं काय कळत नाही, नुसती बायकांचे प्रश्न घेऊन आली. पांढरा पातळ आहे आणि तो पातळच पाहिजे, हल्ली बऱ्याच ठिकाणी काजूची पेस्ट नाहीतर कॉर्नफ्लॉवर घालून दाट करून ठेवतात आणि बाहेरनं आलेली मंडळी वा वा करत पितात. इथं मटण शिजलेलं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस आणि तीळ वाटून, वर मिरी आणि खडा मसाला, बास. पहिल्या घोटाला मिरी घशात लागते मग कळतं की बरोबर जमलाय. तांबडा तिखट आहे पण नंतर दिवसभर पोट धरून बसायला लावत नाही, कट वर तरंगतो, कांदा-लसूण चटणी घरची आहे हे वासावरनंच समजतं. सुकं मटण बरं, रविवारी जास्त चांगलं असतं, का ते माहीत नाही, बहुतेक रविवारी खप जास्त म्हणून ताजं. भाकरी ज्वारीची, पहिली गरम, दुसरी कोमट, तिसरीचं नाव काढू नका. मटण थाळी ३२०, चिकन २४०, दोन्ही रस्से मागाल तेवढे. भात चिकट असतो. जेवणाला पाचपैकी चार.

पण चांगला रस्सा कोल्हापुरात काय कुठंही मिळतो हो, त्यासाठी कुणी एवढं टायपिंग करत नाही. मी लिहितेय कारण गेल्या काही वर्षांत या गावात मी एकटीनं बाहेर बसून, मान वर करून, नळी चोखून पोटभर मटण खाल्लं अशी ही मोजून एखादीच जागा. नाव लिहीत नाही, कारण पुढं बाकीच्या ठिकाणांबद्दल बरंच वाकडं लिहिणार आहे आणि मग एकाचं नाव घेतलं की दुसऱ्यांचं ओळखायचा खेळ सुरू होतो. पेठेतल्या लोकांना वर्णनावरनं कळेल, गल्ल्यावर काकी बसतात ती.

मी एमआर आहे, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, औषध कंपनीत. सकाळी राजारामपुरी, मग सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या आसपासचे दवाखाने, संध्याकाळी ताराबाई पार्क, असं फिरणं. दुपारचं जेवण बाहेर आणि एकटीनंच, डबा बॅगेत ठेवला तर सॅम्पलना जागा राहत नाही. आता बाईनं एकटीनं डोसा खाल्ला तर कुणाला काही वाटत नाही. मिसळ खाल्ली तरी चालतंय, जरा बघतात पण चालतंय. मटणाच्या खानावळीत पाय ठेवला की मात्र पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम पार्सल का? नाही, बसणार आहे. मग अजून कोण येणार आहे? कोण नाही. मग वाढपी एकदा माझ्याकडं बघतो, एकदा गल्ल्याकडं बघतो आणि तिकडनं मानेनं खूण होते, आत.

आत म्हणजे फॅमिली रूम. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी (म्हणजे पुरुषांसाठी, कारण तुम्ही बायकोबरोबर जाता तेव्हा एसीवाल्या सेक्शनला जाता), प्लायचं पार्टिशन, मळकट पडदा, चार टेबलं, एक फॅन तोही भिंतीकडं तोंड करून, कोपऱ्यात कोल्ड्रिंकचे रिकामे क्रेट आणि कांद्याचं पोतं. वाढपी बाहेर दहा टेबलं फिरून मग आत डोकावतो, तोवर भाकरी गार आणि रस्स्यावर साय. हाक मारायची तर पडद्यातनं आवाज जात नाही, मोठ्यानं हाक मारली की बाहेरची अख्खी पंगत वळून बघते कोण बाई ओरडली, म्हणजे ज्याच्यासाठी आत बसवलं तेच. बोर्डावर झोकात लिहिलेलं असतं, फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय. सोय कुणाची झाली ते विचारा. बाहेरच्यांना नीट बघायचं कळत नाही म्हणून मला आत कोंडायचं आणि वर ती सर्व्हिस म्हणून सांगायची. बघणारा फॅनखाली आणि मी पोत्याजवळ, पैसे दोघांना सारखेच.

म्हणून मी बाहेरच बसते. हट्टानं. आणि मग काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मित्रांना हे सांगितलं की ते म्हणतात अगं बघू देत की, काय झिजतंय का तुझं.

झिजत काहीच नाही. फक्त जेवण होत नाही. रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायचा असतो, चमच्यानं पांढरा पिणारा माणूस आमच्यात आजारी धरतात. आता वाटी तोंडाला लावली की मान मागं जाते, गळा दिसतो, आणि समोरच्या टेबलावरचा एकजण खायचं थांबून तेच बघतोय हे वाटीच्या कडेवरनं मला दिसतं. मग दुसरी वाटी मी मागत नाही. उजवा हात खरकटा आहे तर डाव्या हातानं ओढणी वर घ्यायची, ती परत सरकते, परत घ्यायची. नळी आली की ती ताटात आपटून, फुंकर मारून, चोखून खायची गोष्ट आहे, त्याला आवाज होतो आणि तोंड वेडंवाकडं होतं, आणि कुणीतरी टक लावून बघत असताना ते करवत नाही, मग ती तशीच ताटाच्या कडेला राहते. घास लहान होतात. मी जेवतेय हे विसरून मी जेवताना कशी दिसतेय याचाच हिशोब डोक्यात चालू होतो. घाईत उठायचं. अनलिमिटेड थाळीचे पूर्ण पैसे आणि पोटात निम्मं जेवण, तर मला कुणीतरी सांगा की हा ग्राहक म्हणून माझा तोटा आहे की नाही. सोशल इश्यू वगैरे राहू दे बाजूला, ३२० रुपयांचा हिशोब करूया.

आता एक गोष्ट मान्य. कोल्हापुरात सगळेच सगळ्यांकडं बघतात. कट्ट्यावर बसणं आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघणं हा इथला जुना उद्योग आहे, रंकाळ्याला फिरायला गेलं तरी निम्मं गाव चालतंय आणि निम्मं गाव चालणाऱ्यांना बघतंय. त्यातलं एक बघणं असतं ते म्हातारी माणसं बघतात तसं, कुणाची ही, शिवाजी पेठेतली का, अमक्याची सून का तमक्याची पोरगी. त्याचा मला कधीच त्रास झाला नाही, ते बघणं ओळख लागली की संपतं, आणि बऱ्याचदा मावशी सरळ विचारूनच टाकतात, कुणाची गं तू? सांगितलं की झालं. लहान पोरं बघतात, ते तर गोडच. दुसरं बघणं असतं त्याला ओळख लावायची नसते. आपण बघितलं तरी ते डोळे खाली जात नाहीत, उलट त्याला वाटतं बघ बघितलं माझ्याकडं. बाजूच्या दोस्ताला कोपर मारतो, मग तोही वळतो. हा फरक मला एका सेकंदात कळतो आणि कुठल्याही पोरीला कळतो, आठवी नववीपासूनच. तुम्हाला कळत नाही असं म्हणू नका, तुमची बहीण बरोबर असली की तुम्हालाही लगेच कळतो.

आणि ते ठेवणीतलं वाक्य, तू पण बघत होतीस म्हणूनच तुला कळलं ना तो बघतोय. हो बघत होते. रस्त्यात कुत्रं गुरगुरत असलं की मी त्याच्याकडंही बघते.

सगळ्या बायकांना सारखंच वाटतं असंही नाही हां. माझी एक मैत्रीण आहे, उद्यमनगरात तिच्या वडिलांचं वर्कशॉप ती बघते, ती म्हणते मी मुद्दाम मधल्या टेबलावर बसतो, बघणाऱ्याला मीच विचारतो काय पावणं, ओळखलं नाही, कुठलं तुम्ही? तो कावराबावरा होऊन पाणी मागतो. तिला जमतं. मला नाही जमत, माझ्या छातीत धडधडायला लागतं आणि दिवसभर तेच डोक्यात राहतं, पुढच्या डॉक्टरसमोर प्रॉडक्टचं नाव विसरते. विद्यापीठाच्या हॉस्टेलवर माझी मावसबहीण आहे, तिचा ग्रुप सहा जणींचा, त्या एकट्या दुकट्या कुठं बसतच नाहीत, सहा जणी मिळून गेलं की उलट वाढपीच घाबरतो म्हणे. आई म्हणते आमच्यावेळी हॉटेलात जायचा प्रश्नच नव्हता, लग्नाआधी कधी बाहेर बसून चहासुद्धा प्यायले नाही. आणि ऑफिसमधल्या एक सिनियर मॅडम, पन्नाशीच्या पुढच्या, त्या म्हणाल्या आता कुणी बघत नाही आणि देवाशपथ सांगते, एवढं बरं वाटतं, पहिल्यांदा निवांत जेवतेय. हे ऐकून मला हसू पण आलं आणि कसंतरीच झालं, म्हणजे मी अजून वीस वर्षं थांबायचं का नळी खायला?

गाडीवर असताना आपण सगळ्या स्कार्फ बांधतो, वर सनकोट, हातमोजे, फक्त डोळे दिसतात. ऊन असतंच, धूळ असतेच, पण ढगाळ दिवशीपण बांधतोच की. खानावळीत तो सोडावाच लागतो, जेवायचं तोंडानंच असतं.

कायद्याचं पण थोडं सांगते कारण माझ्या नवऱ्यानं लगेच विचारलं की मग कंप्लेंट का करत नाहीस. २०१६ मध्ये केरळचे तेव्हाचे एक्साईज कमिशनर ऋषिराज सिंग एका कार्यक्रमात बोलले होते की बाईकडं १४ सेकंदांपेक्षा जास्त टक लावून बघितलं तर केस होऊ शकते, त्यावर देशभर विनोद झाले, पोरं म्हणाली १३ सेकंद बघून मान वळवायची आणि परत सुरू. तसा सेकंदांचा काही नियम कायद्यात नाहीच. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली त्यात पाठलाग करण्याचं कलम ७८ आहे, बाईला लाजवणारे शब्द, हावभाव, आवाज यांचं कलम ७९ आहे, म्हणजे कुणी मागं मागं आला, घाण खूण केली, कमेंट मारली तर धरता येतं आणि धरावंच, ११२ ला फोन करावा, निर्भया पथक आहे. पण नुसतं बघत बसला त्याचं काय? जेवणाच्या सुट्टीत, हात खरकटा, पोलिसांना काय सांगू, साहेब तो बघतोय? तो म्हणणार मी टीव्ही बघत होतो. आणि खरंच टीव्ही माझ्या डोक्यावरच लावलेला असतो!

हे कुणाच्या लक्षात आलंय का सांगा. बऱ्याच खानावळीत टीव्ही फॅमिली रूमच्या दाराच्या वर नाहीतर बायकांना बसवतात त्या भिंतीवर असतो. म्हणजे सगळ्या हॉलची तोंडं आपोआप तिकडं. कोण कुस्ती बघतोय, कोण बातम्या आणि कोण मला, काही पत्ता लागत नाही, आणि ज्याला बघायचंय त्याला फुकटचा बहाणा. भिंतीवर आरसे असतील तर अजून छान, पाठ करून बसलं तरी आरशात गाठतात. आणि बेसिन! बेसिन कायम हॉलच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे जेवण झालं की खरकटा हात वर धरून, दुसऱ्या हातात पर्स, सगळ्या टेबलांच्या मधनं चालत जायचं आणि तसंच परत यायचं. कुठल्या आर्किटेक्टनं हे ठरवलं असेल त्याला साडी नेसवून रविवारी एक वाजता तिथनं चालवलं पाहिजे.

तर आता या खानावळीचं. टीव्ही आहे, पण गल्ल्याच्या वर. म्हणजे बघायचं तर काकींच्या डोक्यावरनं बघा, आणि काकी समोरनं तुम्हाला बघतायत. मुद्दाम केलंय का माहीत नाही पण काम एकदम चोख होतं. टेबलं लांब बाकांची नाहीत, छोटी आहेत, त्यातली दोन भिंतीला लागून, पाठ भिंतीला आणि बाजूला खांब. तिथं काकी एकटी आलेल्या बाईला बसवतात, फॅनखाली, आत नाही. आत बसा असं त्या म्हणतच नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीनं मीच विचारलं, फॅमिली रूम कुठं? तर म्हणाल्या, आत गरम हुतंय, बाहीर बस की, वाऱ्याला.

आणि एकदा जे झालं त्यासाठी तर मी वेगळे स्टार देईन. बाजूच्या टेबलावर चौघं, बाहेरगावचे वाटत होते, त्यातल्या एकानं खुर्चीच वळवून घेतली माझ्याकडं, हातात भाकरीचा तुकडा तसाच धरून. काकींनी गल्ल्यावरनं हाक मारली, आवाज असा की रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला ऐकू जावा, "ए बाळू, त्या चौघास्नी पांढरा वाढ की, नुसतं बघत बसल्यात पोरं, ताटात काय हाय का न्हाई बघ!" बाळू बादली घेऊन गेला आणि नेमका माझ्या आणि त्या माणसाच्या मधे उभा राहिला, वाढतोय वाढतोय, वाटी भरली तरी उभाच. अजून वाढू का दादा? अजून? ताटावर लक्ष द्या दादा, गार हुतंय. बाकीचे तिघं हसायला लागले, त्यानं खुर्ची सरळ केली. भांडण नाही, तमाशा नाही, माझं नाव नाही की माझ्याकडं बोट नाही. मला कुणाला काही सांगावं लागलं नाही हे सगळ्यात मोठं. नाहीतर दुसरीकडं एकदा मी मालकांना सांगितलं होतं तर ते म्हणाले मॅडम गिऱ्हाईक हाय, आम्ही काय बोलणार, तुमीच आत बसा. मी गिऱ्हाईक नाही का? मी काय ताट धुवायला आले होते?

काकींना मी बिल देताना थँक्यू म्हटलं तर त्यांना कळलंच नाही कशाबद्दल. म्हणाल्या, रस्सा आवडला व्हय? मग म्हणाल्या माझी पोरगी पुण्यात असती, कंपनीत, तीबी कुठंतरी एकटीच जेवत असंल.

खानावळवाल्यांचा एक युक्तिवाद मी बऱ्याचदा ऐकलाय, एकट्या बायका येतच नाहीत, दिवसाला एखादी, तिच्यासाठी कोण टेबलं हलवणार. अहो येत नाहीत कारण बसायला जमत नाही, हे उलटं आहे. हॉटेलात कुणी बसायचं आणि कुणी नाही हा वाद या गावात नवा नाही. गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं तेव्हा दलिताच्या हातचा चहा कोण पिणार म्हणून लोक फिरकत नव्हते, शाहू महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे, मग हळूहळू लोक यायला लागले. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, ती लढाई फार मोठी होती, मला माहीत आहे. पण तिथंही आधी गर्दी येऊ दे मग बघू असं कुणी म्हणत बसलं नव्हतं. आणि इथं तर फक्त एक टीव्ही हलवायचाय.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर म्हणाल काकींची भाची दिसतेय. बेसिन इथंही टोकालाच आहे. काकींना सांगितलंय, नळाची लाइन तिकडंच हाय म्हणाल्या. टॉयलेट मागं आहे, वेगळं लेडीज नाही, कडी आहे आणि लागते (हे लिहावं लागतं, बायकांना कळेल), पण लाइट नाही, मोबाइलची बॅटरी लावून जायचं. काकी नसल्या की गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो, तो सगळा वेळ फोनमध्ये, त्या दिवशी हा सगळा कारभार नसतो आणि खानावळ बाकीच्यांसारखीच होते. म्हणजे ही सोय खानावळीची नाही तर एका बाईच्या जिवावर चाललीय, आणि ही माझ्या मते सगळ्यात मोठी त्रुटी आहे. बाळूला मी एकदा म्हटलं काकी नसताना तू बघत जा, तर तो लाजला आणि रस्साच जास्त वाढून गेला.

संध्याकाळी सातनंतर मी इथं गेलेली नाही. मैत्रिणी म्हणतात रात्री गर्दी वेगळी असते, पिऊन येणारे असतात, काकी तेव्हाही असतात पण बाळूची शिफ्ट संपलेली असते. त्यामुळं माझा रिव्ह्यू फक्त दुपारचा समजा.

पार्किंग नाही, गाडी गल्लीच्या तोंडाला लावा. यूपीआय चालतं पण स्कॅनर गल्ल्यावरच आहे. श्रावणात बंद. सोमवार, गुरुवार, शनिवार मटण कमी करतात, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी जा. बुधवारी दोनच्या आत गेलात तर खांबाजवळचं टेबल मिळतं, दोननंतर तिथं मी असते.